पाऊस आत्ता, पूर केव्हा?

बालमित्रांनो, धो धो पाऊस सुरू झाला की व्हाळाचं पाणी लगेच चढतं का? नाही! पावसाचा जोर ओसरतो, पागोळ्या बारीक होतात आणि मग व्हाळ फुगतो. पावसाचा जोर सर्वांत जास्त असतो ती वेळ आणि पाणी सर्वांत उंच चढतं ती वेळ, या दोहोंमधलं अंतर म्हणजे पाण्याचा ‘विलंबकाळ’.

हा वेळ जातो वाटेत. पाणी गवतात अडतं, पालापाचोळ्यात रेंगाळतं, मातीत मुरतं, शेताच्या मेरेशी थांबतं. शहरात मात्र छप्पर, डांबरी रस्ता, सिमेंटचं गटार आणि थेट पाइप. थांबायला जागाच नाही!

आता हिशेब करू. समजा, पाण्याला ६०० मीटर जायचंय. गवतातून ते सेकंदाला १० सेंटिमीटर सरकलं, तर १०० मिनिटं लागतील. गटारातून सेकंदाला १ मीटर धावलं, तर फक्त १०! मुरणारं पाणीही आता वाहतं आणि सगळं एकदम येतं. म्हणून पूर लवकर येतो आणि उंचही चढतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारं होती तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली. ती क्षमता ५० करावी, असं १९९३च्या अहवालात सुचवलं होतं. त्यात समुद्राला भरती आली. पाणी बाहेर पडेना आणि मिठी नदी वस्त्यांत शिरली.

भरती आपल्या मालवण किनाऱ्यालाही येतेच. तेव्हा पालकहो, सगळ्या खळ्यात लाद्या बसवू नका. थोडी माती मोकळी ठेवा. व्हाळात कचरा टाकू नका.

करून पाहा : पावसाआधी मोठ्यांच्या मदतीने घराजवळच्या गटारात खुणा केलेली काठी रोवा. मग पडवीत बसूनच दर ५ मिनिटांनी वहीत लिहा, पाऊस किती जोराचा आणि पाणी कितव्या खुणेवर. तीन-चार पावसांच्या नोंदींची सरासरी काढा. तुमच्या गटाराचा विलंबकाळ मिळाला!

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. पाऊस थांबला म्हणून लगेच साकवावर जायचं नाही. आभाळ मोकळं झालं, तरी पूर अजून वाटेत असतो.