जकात दिली, पण पैरवी कोण करणार?

रमजानमध्ये आपल्या मोहल्ल्यांत जकात निघते, फितरा वाटला जातो, गरजू मुलांना वह्या-दप्तरे मिळतात. ही नेक कामे आहेत, ती चालूच राहिली पाहिजेत. पण ईद उलटते, जून उजाडतो आणि तेच कुटुंब पुन्हा फीसाठी दारोदार फिरते. असे का होते, हा प्रश्न आपण समाज म्हणून विचारायला हवा.

कुरआनमधील सूरह माऊन आणि सूरह फज्र आपण नमाजमध्ये अनेकदा ऐकतो. या दोन्ही सूरहंमध्ये गरिबाला जेवू घालण्यासाठी इतरांना प्रवृत्त न करणाऱ्यांचा निषेध आहे. म्हणजे स्वतः दिले आणि मोकळे झालो, असे दीन म्हणत नाही. गरिबासाठी बोलणे, दुसऱ्याला बोलते करणे, हीसुद्धा जबाबदारी आहे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत तर न्यायासाठी उभे राहताना आपले नातेवाईकही आड येऊ देऊ नका, असा हुकूम आहे. यालाच आपण पैरवी म्हणतो.

आता आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार देशात मुस्लिमांचे प्रमाण १४.२ टक्के आहे. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात २०२०-२१ मध्ये मुस्लिम विद्यार्थी केवळ ४.६ टक्के होते. आदल्या वर्षी सुमारे २१ लाख असलेली त्यांची संख्या १९.२१ लाखांवर आली. महाराष्ट्रात तर २००१ च्या जनगणनेतच मुस्लिमांची साक्षरता राज्याच्या सरासरीपेक्षा किंचित जास्त होती. म्हणजे आपली मुले शाळेत जातात, लिहायला-वाचायला शिकतात; गळती होते ती पुढे. मुलगा गॅरेजवर, मुलगी घरी.

त्यात सरकारचा हात आखडला. २०२२-२३ पासून अल्पसंख्याकांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाली, संशोधन करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही बंद झाली. २०१४ मध्ये राज्याने अध्यादेश काढून दिलेले ५ टक्के आरक्षण शिक्षणापुरते उच्च न्यायालयात टिकले होते, पण पुढे कायदा झाला नाही आणि ते संपले.

मग हातात काय उरले? बरेच उरले आहे, आपण ते मागत नाही. १९९४ मध्ये राज्य सरकारने व्यवसायावर आधारित मुस्लिम बिरादऱ्यांना ओबीसी सवलतींचा मार्ग मोकळा केला. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन अशा कितीतरी घरांना त्याचा लाभ मिळू शकतो. पण दाखला मागताना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील रहिवासाचा पुरावा लागतो, आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरवर जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ लिहिलेले असते. तिथेच फाईल अडकते. काही जण म्हणतात, इस्लाममध्ये जात नाही, मग दाखला कशाला? बरोबर आहे, मशिदीच्या सफमध्ये सगळे सारखे. पण हा दाखला आपल्या पिढ्यानपिढ्यांच्या धंद्याचा आणि मागासलेपणाचा पुरावा आहे. तो घेतल्याने ईमानला धक्का लागत नाही. मुलाला पहिलीत घालतानाच ही नोंद नीट करून घ्यावी, कारण शाळा सुटल्यावर ती बदलणे फार कठीण.

दुसरे उदाहरण आरटीईचे. जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना २५ टक्के राखीव जागांतून सूट देणारा नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. बोलले म्हणून हक्क वाचला.

तिसरे, जिल्हा परिषद आणि नगरपालिकेच्या उर्दू शाळांतील व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात. शिक्षकाची जागा रिकामी आहे, मुलींच्या शौचालयाला पाणी नाही, हे लेखी ठराव करून वर पाठवण्याचा अधिकार त्या अम्मींना आहे. पण बहुतेक ठिकाणी त्या रजिस्टरवर फक्त सही करून येतात.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्रत्येक मोहल्ल्यात दोन-चार शिकलेल्या मुला-मुलींनी जुम्माच्या नमाजनंतर तासभर टेबल टाकावे. फॉर्म भरून द्यावेत, आधार आणि शाळेतील नावाचे स्पेलिंग जुळवावे, जुन्या नोंदी काढायला तहसीलपर्यंत सोबत जावे. इमाम साहेबांनी खुतब्यापूर्वीच्या बयानमध्ये अर्जाची शेवटची तारीख सांगावी. आणि वस्तीत आपल्याइतकेच गरीब दलित, आदिवासी, भटके शेजारी असतील, तर त्यांचेही फॉर्म त्याच टेबलावर भरावेत. १८४८ नंतरच्या पुण्यात फातिमा शेख यांनी सावित्रीबाईंसोबत शिकवताना मुलींची जात-धर्म पाहिला नव्हता.

जकातीने एका घराचे एक वर्ष निघते. हक्काचा कागद हातात आला तर पुढची पिढी जकात देणारी होईल, इन्शाअल्लाह.