आधी पहार, मग चर

पुढचे सहा-सात आठवडे आपल्यापैकी बहुतेकांचे डोंगरउतारावरच जाणार आहेत. अंदाजपत्रके मंजूर झाली आहेत, यंत्रे ठरली आहेत आणि मृग लागण्याआधी कामे उरकायची आहेत. म्हणून हे आत्ताच सांगायला हवे. माण, खटाव, जत, सांगोला, पारनेर, आष्टी या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातल्या ज्या माळउतारांवर माती वीतभरही नाही, तिथे सलग समतल चर खोदू नका. तिथे पहिले काम गवताचे आहे.

या उतारांची घडण आपल्याला ठाऊक आहे. खाली काळा पाषाण, त्यावर कुजलेला मुरूम आणि सगळ्यात वर दगडगोट्यांत मिसळलेली दहा-वीस सेंटिमीटर माती. मृदा सर्वेक्षणात 25 सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या जमिनीला अति उथळ म्हणतात. या मातीत पाणी किती मावते, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. खोली 20 सेंटिमीटर, त्यात चार आणे दगड सोडाच, कित्येक ठिकाणी चाळीस टक्के दगड. उरलेल्या मातीत पिकाला उचलता येईल असे पाणी पंधरा टक्के धरले, तर सगळे मिळून 18 मिलिमीटर होते. पावसाळ्यातल्या उघडिपीत रोज चार-पाच मिलिमीटर उडून जाते. म्हणजे पाऊस थांबल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी ही जमीन कोरडी ठक्क. श्रावणातली तीन आठवड्यांची उघडीप तिथे लावलेल्या रोपाने काढायची कशी? भेगेत मूळ सापडले तर झाड जगते, नाही तर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात पुन्हा रोप लावावे लागते. गवताचे तसे नाही. पहिल्या पावसाला ते फुटते, उघडीप पडली की थांबते, पाऊस आला की पुन्हा चालू लागते. या मातीला झेपणारे आच्छादन तेच आहे.

आता दगडांविषयी. ताली आणि दगडी बांध घालण्यासाठी उतारावरचे सुटे दगड वेचून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. ती या जमिनीवर घातक ठरते. भाद्रपदात पाऊस थांबल्यावर आठवड्याने असा एखादा दगड उचलून पाहा. आजूबाजूची माती भुरभुरीत झालेली असते, पण दगडाखाली ओल असते, गवताची पांढरी मुळे तिथे गोळा झालेली असतात, कधी गांडुळाची विष्ठाही दिसते. वळवाच्या टपोऱ्या थेंबांचा मारा हा दगड अंगावर घेतो आणि त्याच्या कडेने पाणी आत मुरते. तो उचलला की उघड्या मातीवर थेंब आदळतात, बारीक कण छिद्रांत बसतात आणि वर पापडी धरते. मग पडेल ते पाणी वाहूनच जाते. दगड पापडीत घट्ट रुतलेला असेल तर मात्र गोष्ट उलटी होते, त्याच्यामुळे वाहणारे पाणी वाढते. म्हणून दगड सुटा आहे की रुतलेला, हे पायाने हलवून बघणे हा पाहणीचाच भाग समजावा.

चरांचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. 60 सेंटिमीटर रुंद आणि 30 सेंटिमीटर खोल चर सहा मीटर अंतराने घेतला, तर उतारावरून वाहणारे सुमारे 30 मिलिमीटर पाणी त्यात अडते. हे थोडे नाही. जिथे माती खोल आहे किंवा उतार उघडाबोडका पडला आहे, तिथे हे काम करावेच. पण माती 15 सेंटिमीटर असलेल्या जागी चराचा निम्मा भाग मुरमात जातो. तो मुरूम वर येऊन चराखालच्या गवतावर पडतो. चर आणि बांध मिळून सव्वा मीटर रुंदीचा पट्टा धरा, म्हणजे सहा मीटरमागे जवळजवळ पाचवा भाग माती उलटी होते, आणि यंत्राच्या पट्ट्यांखाली चिरडलेले गवत वेगळेच. हीच सुटलेली माती पहिल्या दोन पावसाळ्यांत चरात येऊन बसते. चर भरले, गवतही गेले. जी माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागली, ती आपणच खोऱ्याने सुटी करून दिली, असे होते.

उतार बिघडला आहे की धड आहे, हे ओळखायला उपकरण लागत नाही. पहार घेऊन माथ्यापासून खाली या, दर पंचवीस पावलांवर ती ठोका आणि मुरूम कुठे लागतो ते लिहून ठेवा. वाटेत दगड निरखा. वरचा भाग उन्हापावसाने काळवंडलेला आणि खाली मातकट तांबूस पट्टा उघडा पडलेला दिसला, तर तेवढी माती अलीकडे गेली आहे. गवताचे ठोंब उंचवट्यावर उभे असतील आणि मधली माती खचली असेल, तर त्याचाही अर्थ तोच. मग गवत कोणते, ते बघा. शेडा, पवन्या, डोंगरी, मारवेल ही बारमाही गवते दाट असतील, तर त्या उताराला हातच लावू नये. अशा गवताळ माळांची नोंद दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 साली देशाच्या गवत आच्छादनाच्या अभ्यासात केली होती, आणि आपला दख्खन त्यातल्या शेडा-मारवेल पट्ट्यात येतो. त्या जागी कुसळीचे राज्य झाले असेल, तर चराई जास्त होते आहे, पण उतार अजून सावरता येतो. फक्त वर्षायू कुसळ आणि उघडी माती उरली असेल, तरच यांत्रिक उपचाराचा विचार करावा.

सरकारी नोंदीत हे माळ पडीक म्हणून लागले आहेत. त्यामुळे तिथे काहीही केले तरी ती सुधारणाच, असा समज रुजला. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक असो, काळवीट असो की लांडगा, त्यांना मोकळा माळच लागतो. गिरिपुष्पाच्या रांगा लावून तो बंद करणे ही सुधारणा नव्हे.

हिवरे बाजारचे उदाहरण आपण सगळेच देतो. त्या गावाने चर खोदले, पण चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीही पाळली आणि गवत कापून गोठ्यात नेले. पुढे कित्येक गावांनी त्यातले चर तेवढे घेतले, कारण मोजमाप पुस्तिकेत घनमीटरच चढवता येतात. न खोदलेल्या उताराचे देयक निघत नाही. खरी अडचण इथे आहे आणि ती माती-पाण्याचे काम करणाऱ्या आपल्यालाच वर मांडावी लागेल.

चराईबंदी सांगताना धनगरांना गुन्हेगार ठरवू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. पूर्वी दसरा-दिवाळीनंतर कळप कोकणात उतरायचे आणि त्याच दिवसांत माळावर गवताचे बी झडायचे. वाटेतली कुरणे बागायतीत आणि कुंपणात गेली, तसे त्यांचे फिरणे आखडले आणि उरलेल्या माळावर भार वाढला. त्यामुळे सबंध डोंगर एकदम बंद करण्याऐवजी त्याचे तीन भाग पाडावेत. एक भाग दोन पावसाळे पूर्ण राखावा, दुसरा बी झडेपर्यंत राखावा, तिसरा चराईला मोकळा ठेवावा, आणि कोणता भाग कधी उघडायचा हे मेंढपाळांना ग्रामसभेत बसवून ठरवावे.

या हंगामातल्या अंदाजपत्रकांत दोन बाबी जोडता येतील. पहिली, पहारीच्या नोंदींचा तक्ता: 25 सेंटिमीटरच्या आत मुरूम लागलेला भाग नकाशावर वेगळा रंगवून चराच्या आखणीतून वगळावा. दुसरी, राखणदाराची दोन पावसाळ्यांची मजुरी. सोबत बियाण्याची तरतूद असावी, कारण कार्तिकात गोळा केलेले शेडा-डोंगरीचे बी लगेच रुजत नाही. ते पोत्यात कोरडे ठेवून पुढच्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर, दगडांच्या वरच्या अंगाला टाकायचे असते. यंदाचे बी ज्यांच्याकडे नाही, त्यांनी जवळच्या राखीव कुरणाशी किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाशी आत्ताच बोलून घ्यावे.