कानामागे करंट, पोटाला आराम? आयबीएसच्या ‘औषधाविना’ उपचारात तथ्य किती

कानाला क्लिप लावा, ॲप सुरू करा, ‘व्हेगस नर्व्ह’ जागी करा आणि पोटाचा त्रास विसरा. गोळ्या नकोत, पथ्य नको! अशी रील तुमच्याही फीडमध्ये आली असेल. आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम असलेल्या माणसाचा अंगठा तिथे हमखास थांबतो. माझाही थांबतो, कारण हे निदान माझ्याही फाइलवर आहे. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण दावा आणि डेटा वेगळे करून बघायची सवय कामामुळे लागलीय, तेच इथे करतो.

आधी बिघाड समजून घेऊ

आयबीएसमध्ये नेहमीच्या तपासण्यांत बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. तरी पोट दुखतं, कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठता. निदानाचे ‘रोम’ निकष ढोबळमानाने असे: गेले ३ महिने आठवड्यातून किमान १ दिवस पोटदुखी, आणि तिचा संबंध शौचाशी किंवा शौचाच्या बदललेल्या सवयीशी. आमच्या भाषेत सांगायचं तर हार्डवेअर ठीक आहे, पण आतडं आणि मेंदू यांच्यातल्या सिग्नलिंगमध्ये गडबड आहे. म्हणून ‘सगळं मनाचे खेळ’ असं म्हणणारे चुकतात. दुखणं खरंच असतं.

या सिग्नलिंगची एक मोठी केबल म्हणजे व्हेगस नस. तिच्यातले सुमारे ८०% तंतू शरीराकडून मेंदूकडे माहिती नेतात, म्हणजे अपलोड जास्त, डाउनलोड कमी. तिची एक छोटी फांदी कानाच्या बाहेरच्या भागातल्या त्वचेपर्यंत येते. त्यामुळे ऑपरेशन न करता तिथून हलका करंट देता येतो. कल्पना हवेतली नाही, एवढं नक्की.

मंजुरी नेमकी कशाला मिळाली?

जून २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ‘आयबी-स्टिम’ या उपकरणाला परवानगी दिली. हे उपकरण कानामागे चिकटवतात आणि त्याच्या बारीक सुया कानाच्या त्वचेत टोचतात. ते सलग ५ दिवस सौम्य करंट देतं, मग बदलतात. त्या परवानगीत असं जास्तीत जास्त ३ आठवडे वापरायचं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. ही परवानगी ११ ते १८ वयोगटातल्या, आयबीएसमुळे पोट दुखणाऱ्या मुलांसाठी होती.

एफडीएने पाहिलेल्या अभ्यासात ५० मुलं होती. २७ जणांना खरं उपकरण, २३ जणांना नकली. ३ आठवड्यांनी नेहमीचं दुखणं किमान ३०% कमी झालेली मुलं किती? खऱ्या गटात ५२%, नकली गटात ३०%. सर्वांत तीव्र दुखण्याच्या बाबतीत ५९% विरुद्ध २६%.

आता हे आकडे नीट वाचा. नेहमीच्या दुखण्यात ५२% म्हणजे २७ पैकी १४ मुलं, ३०% म्हणजे २३ पैकी ७. नकली उपकरण लावूनही जवळपास तीनातल्या एका मुलाला आराम पडला! म्हणून ‘मला फरक पडला’ सांगणाऱ्या इन्फ्लुएन्सरचा अनुभव खरा असला, तरी तो पुरावा होत नाही. खऱ्या उपकरणाचा फायदा म्हणजे या दोन गटांतला फरक, आणि तो दिसतोय. पण ५० जणांचं सॅम्पल लहान आहे, आणि खरं उपकरण लावूनही जवळपास निम्म्या मुलांना एवढा आराम मिळाला नाही.

आणखी एक गोष्ट रीलमध्ये कुणी सांगत नाही. या अभ्यासात मुलांना पोटदुखीची चालू औषधं त्याच डोसमध्ये घ्यायची मुभा होती. परवानगीतही ‘इतर उपचारांसोबत’ असंच म्हटलंय. म्हणजे उपकरणात औषध नाही हे खरं, पण ‘औषधाविना’ म्हणजे ‘औषधाऐवजी’ नव्हे.

मग ऑनलाइन मिळणारी क्लिप घ्यावी का?

विकत घेण्याआधी ४ प्रश्न विचारा:

१. अभ्यास याच उपकरणावर झालाय का? सुईचं उपकरण आणि त्वचेवरची क्लिप एक नव्हेत. एका फोनचा बेंचमार्क दाखवून दुसरा फोन विकण्यासारखं आहे हे.

२. अभ्यास कुणावर झाला? तुमचं वय, तुमचा त्रास त्यात बसतो का?

३. तुलनेला नकली उपकरण होतं का?

४. ते वैद्यकीय उपकरण म्हणून नोंदलेलं आहे की ‘वेलनेस’ गॅजेट? भारतात २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात. ‘वेलनेस’ लिहिलं की आजार बरा करण्याचा पुरावा द्यायची कटकट टळते.

पेसमेकर किंवा हिमोफिलिया असणाऱ्यांसाठी आयबी-स्टिम नाही, हेही लक्षात ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं, ताप, ॲनिमिया, किंवा झोपेतून उठवणारे जुलाब यांपैकी काहीही असेल, तर ‘आयबीएसच असेल’ म्हणून गॅजेट शोधत बसू नका. त्यामागे दुसरा आजार असू शकतो आणि करंटने दुखणं दबलं तर निदान लांबतं. आधी पोटविकारतज्ज्ञ गाठा.

नसांना करंट देण्याचं तंत्र पुढे मोठं होईल असं मला वाटतं. पण आज ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, इतर उपचारांच्या जोडीने वापरायचं साधन आहे. कार्टमध्ये टाकून पोट बरं करायचं गॅजेट नाही.