सलोखा म्हणजे नेमकं काय? तडजोड आणि समेटापेक्षा हा शब्द वेगळा का?

गावात तणाव निर्माण झाला की पोलिसांचं आवाहन येतं: सामाजिक सलोखा राखा. दोन देशांच्या बातम्यांमध्ये 'सलोख्याचे संबंध' असतात. आणि शेतजमिनीच्या वादांसाठी महाराष्ट्र सरकारने आणलेल्या योजनेचं नावच 'सलोखा' आहे. या शब्दाचा नेमका अर्थ काय?

तीन शब्द, तीन क्रियापदं

तडजोड 'करतात', समेट 'घडवून आणतात', सलोखा मात्र 'राखतात' किंवा 'जपतात'. तडजोडीत दोघंही थोडं सोडतात. समेटात भांडण मिटतं, बहुतेक वेळा मध्यस्थामुळे. सलोखा ही त्यानंतरची स्थिती आहे: एकमेकांशी नीट वागणं, रोजचे व्यवहार सुरळीत चालणं. लोकअदालतीत तडजोड झाली की त्या निवाड्यावर अपील करता येत नाही. पण प्रकरण निकाली निघालं म्हणून दोन भाऊ पुन्हा बोलू लागतीलच असं नाही.

सलोखा योजना काय आहे?

जमीन एकत्रीकरणातल्या चुका, मोजणीतल्या चुका किंवा भावकीतल्या वाटण्या, अशा कारणांमुळे अनेक ठिकाणी एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याची पहिला. जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानुसार असा परस्पर ताबा किमान १२ वर्षांचा असेल, तर अदलाबदलीचा दस्त नाममात्र खर्चात नोंदवता येतो. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी फी १,००० रुपये. एरवी हे शुल्क जमिनीच्या बाजारमूल्यावर ठरतं. त्यामुळे वाद नसलेली कुटुंबंही खर्चापायी कागद करायचं टाळत होती. ही सवलत फक्त शेतजमिनीसाठी आहे आणि त्याआधी तलाठी व मंडळ अधिकाऱ्यांचा पंचनामा लागतो.

मग अडचण कुठे?

मुख्य अट आहे संमतीची. दोन्ही बाजूंची तयारी नसेल तर ही योजना लागू होत नाही. म्हणजे ज्यांचं आधीच जमलं आहे, त्यांना सरकार कागद स्वस्तात करून देतं. ज्यांचं बोलणंच बंद आहे, त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालयाचा रस्ता तसाच राहतो.

ही अट काढून टाका, असं मात्र म्हणता येणार नाही. एकाची जमीन सुपीक आणि दुसऱ्याची खडकाळ असेल, तर 'गावाचा सलोखा' म्हणत दुबळ्या बाजूवर सहीसाठी दबाव येऊ शकतो. अशा वेळी नाही म्हणण्याचा हक्क हेच तिचं संरक्षण असतं.

पोलिसांच्या आवाहनालाही हीच कसोटी लावता येते. सलोखा राखायला सांगितलं जातं तेव्हा दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं गेलं आहे का, हे पाहायला हवं. एक बाजू फक्त गप्प बसली असेल, तर त्याला शांतता म्हणता येईल. सलोखा नाही.