जुने गोवे पाहताना

दिवाळीची सुटी लागली, की कोल्हापूरकरांच्या गाड्या घाट उतरून गोव्याकडे धावू लागतात. समुद्रकिनारे झाले, की पाळी येते जुन्या गोव्याची. बाँ जेझूच्या चर्चसमोर सहकुटुंब छायाचित्र निघते, फ्रान्सिस झेवियरच्या रौप्यपेटीवर ओझरती नजर टाकली जाते आणि मंडळी पुढे निघतात. या भेटीत पाहणे असते, जाणणे नसते.

१५९४ ते १६०५ या काळात उभारलेली ही वास्तू भव्य आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या काळाचा. १५४२ साली गोव्यात आलेल्या झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून येथे इन्क्विझिशनची मागणी केली. त्याच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये ते धर्मन्यायासन स्थापन झाले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. त्याच शतकात मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आक्रमणाच्या काळात दडवलेल्या अंबाबाईची १७१५ मध्ये पुन:प्रतिष्ठापना करणाऱ्या करवीरकरांना देवाच्या या वनवासाचा अर्थ सांगावा लागू नये. तरीही सकाळी मंगेशीला आणि दुपारी बाँ जेझूला जाणाऱ्यांना या दोन स्थळांचा संबंध उमगत नाही!

‘जुन्या जखमा कशाला उकरायच्या?’ असे काही सुज्ञ विचारतात. त्यांनी अ. का. प्रियोळकरांचा १९६१ साली प्रसिद्ध झालेला ‘गोवा इन्क्विझिशन’ हा इंग्रजी ग्रंथ वाचावा. या न्यायासनाचा वरवंटा हिंदूंवर फिरलाच. पण त्याचा मुख्य अधिकार चालत होता तो बाप्तिस्मा झालेल्यांवर. जुने रीतिरिवाज, जुने संस्कार घरात जपल्याच्या संशयावरून नवख्रिस्ती माणसे तुरुंगात पडली. म्हणजेच आजचा गोमंतकीय ख्रिस्ती बांधव त्या इतिहासातील आरोपी नाही. तो पीडितांचा वारस आहे, आपल्याच रक्ताचा आहे. हा इतिहास द्वेषासाठी नव्हे, तर हे नाते ओळखण्यासाठी सांगायचा आहे.

म्हणून चर्च अवश्य पाहावे, तेथील पावित्र्याचा मान राखून पाहावे. मात्र परतण्याची घाई करू नये. मांडवी ओलांडून दिवाडी बेट गाठावे. पोर्तुगिजांनी उद्ध्वस्त केलेले सप्तकोटेश्वराचे मूळ मंदिर तेथे होते. मग पलीकडच्या नार्व्याला जावे. तेथे १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच देवाचे मंदिर पुन्हा उभारले. त्या पायरीवर बसून आईवडिलांनी मुलांना ही सगळी कथा सांगावी. ती शाळेत शिकवली जाईल, याची वाट पाहत बसू नये.