पीळ किती असावा?

रायफलीच्या नळीत मळसूत्री खाचा कशासाठी असतात? वर्गात विचारा, ‘गोळीला गिरकी मिळते व ती सरळ जाते’ असे उत्तर तत्परतेने येईल. उत्तर चूक नाही. पण आम्ही शिक्षक तेथेच थांबतो, आणि खरे पदार्थविज्ञान त्यापुढच्या प्रश्नापासून सुरू होते. गिरकी किती असावी?

आधी ती का लागते ते पाहू. लांबट, टोकदार गोळीवर हवेचा रेटा तिच्या गुरुत्वमध्याच्या पुढे लागतो, त्यामुळे गोळी आडवी व्हायला पाहते. बाणाच्या शेपटीला पिसे लावली की हा रेटा गुरुत्वमध्याच्या मागे जातो. गोळीला पिसे नसतात. तिला भोवऱ्याचा मार्ग पत्करावा लागतो. जोरात फिरणारा भोवरा कलला तरी पडत नाही, नुसता डुलतो. तसेच गोळीचे.

‘जड गोळीला जास्त पीळ’ अशी एक समजूत आहे. वास्तविक महत्त्व आहे लांबीला. इंग्लंडमध्ये 1850 नंतरच्या दशकात जोसेफ व्हिटवर्थ यांनी सैन्याच्या एनफील्ड रायफलीला तोडीस तोड रायफल बनवली. दोन्ही गोळ्यांचे वजन सारखेच, 530 ग्रेन, म्हणजे सुमारे 34 ग्रॅम. परंतु एनफील्डच्या नळीचा व्यास 0.577 इंच, तर व्हिटवर्थ यांच्या नळीचा 0.451 इंच. तेवढेच शिसे अरुंद नळीत बसवायचे म्हणजे गोळी लांब होणारच! एनफील्डच्या नळीत 78 इंचांत एक फेरा होता. व्हिटवर्थ यांनी तो 20 इंचांत ठेवला. 1857 च्या चाचण्यांत लांब पल्ल्यावर त्यांचीच रायफल सरस ठरली.

पुढे 1879 साली वुलिचच्या तोफखाना विद्यालयातील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी यासाठी सोपा नियम दिला. गोळीची लांबी व्यासाच्या किती पट आहे ते काढा, त्याने 150 ला भागा. उत्तराइतक्या व्यासांच्या अंतरात एक फेरा हवा. 8 मिमी व्यासाची, 32 मिमी लांब गोळी घ्या. लांबी चौपट, 150 भागिले 4 म्हणजे 37.5 व्यास, अर्थात 300 मिमी. गोळीचा वेग सेकंदाला 800 मीटर असेल, तर ती सेकंदाला सुमारे 2,667 फेरे घेत बाहेर पडते. मिनिटाला एक लाख साठ हजार!

मग भरपूर पीळ देऊन मोकळे का होऊ नये? गोळीचा गुरुत्वमध्य आसापासून केवळ एकशतांश मिलिमीटर सरकलेला असला, तरी वरील गिरकीत नळीतून सुटताना गोळीला सेकंदाला सुमारे 17 सेंटिमीटर इतका आडवा वेग मिळतो. पीळ दुप्पट केला की हा वेगही दुप्पट, आणि नेम तितकाच विखुरतो.

पीळ अगदी काठावर ठेवणेही धोक्याचे. अमेरिकन सैन्याच्या एआर-15 रायफलीत प्रथम 14 इंचांत एक फेरा होता. अतिशीत हवेत तिच्या गोळ्या डळमळू लागल्या, म्हणून 1963 साली तो 12 इंचांवर आणला. उणे 50 अंश सेल्सियसची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 30 टक्के दाट असते. गोळीला आडवे पाडणारा रेटाही त्याच प्रमाणात वाढतो.

आमच्या पुस्तकी उदाहरणांत गोळी म्हणजे एक बिंदू असतो. त्याला ना लांबी, ना आस, ना हवा. आरंभी ते ठीकच आहे. पण वरची सगळी गणिते भागाकार, वर्तुळाचा परीघ आणि वायूंचे नियम एवढ्यावर सुटतात. नववी-दहावीच्या शिक्षकांनी एक तास यासाठी काढावा असे मला वाटते. सुरुवातीला 8 मिमी व्यासाची, 48 मिमी लांबीची गोळी द्यावी. उत्तर 200 मिमी यायला हवे.