अंगणातील कुंड आणि त्याचा सांडवा

उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहने-शहाडच्या बाजूस उल्हास नदीकडे पाहावे, तर पुष्कळदा पाणी दिसतच नाही. दिसते ते जलपर्णीचे हिरवे मैदान. वस्त्यांच्या सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. आणि बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर येथील कितीतरी घरांत पिण्याचे पाणी याच नदीतून येते.

बंगल्याच्या अंगणात हौसेने बांधलेल्या कुंडाचे दुखणे याहून निराळे नसते. मासे दिसले की मुले कणकेच्या गोळ्या टाकतात, वडीलधारी कौतुकाने पाहतात. भावना दयेचीच, परंतु उरलेली कणीक तळाशी कुजते, विष्ठेतून अमोनिया वाढतो आणि पाणी हिरवे होऊ लागते. हे शेवाळ दिवसा प्राणवायू देते, रात्री मात्र स्वतःच ओढून घेते. पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून तडफडतात, ते यामुळे. दोन-चार मिनिटांत संपेल एवढेच अन्न घालावे.

बहुतेक कुंडांचा सांडवा काठाशी असतो. त्यातून वरचे बरे पाणी निघून जाते आणि गाळ तळाशी राहतो. सांडव्याची नळी कुंडात उभी असेल, तर तिच्याभोवती अधिक रुंद व उंच नळी बसवून तळाशी खाचा पाडाव्यात. पाऊस पडला की तळाचे पाणी खाचांतून वर चढून बाहेर जाते. खाचांवर बारीक जाळी हवीच, अन्यथा माशांची पिल्ले वाहून जातील. हे पाणी कर्दळ, अळू, केळीच्या आळ्यांत सोडावे. नाल्यात सोडल्यास ते अखेर वालधुनीत किंवा उल्हास नदीतच उतरते.

कुंड एकदम उपसून घासणे हा अविचार होय. अमोनियाचे विष उतरविणारे सूक्ष्म जीव दगडांवरच वसलेले असतात. एका वेळी पाचवा हिस्सा पाणी बदलावे, नळाचे पाणी आधी दिवसभर उघडे ठेवावे. काढलेला गाळ काही काळ काठावरच ओला राहू द्यावा, म्हणजे त्यातील किडे, गोगलगायी पाण्यात परततात. गाळलेल्या पाण्याची जीवाणी मूळ ठिकाणी पोचविणाऱ्या घरांत हे वेगळे सांगावयास नको.

कुंडातील पाणवनस्पती नत्र शोषतात खऱ्या, पण वाढलेला भाग वेळच्या वेळी काढून खतात घातला तरच. तेथेच कुजल्या तर सारे पुन्हा पाण्यात. जांभळ्या फुलांना भुलून जलपर्णी मात्र आणू नये. आषाढात कुंड तुडुंब भरले की तिचा एखादा तुकडाही सांडव्यातून नदी गाठतो.